लाथ न मारणारी रायफल

मी शिकारी झालो तो परीक्षेमुळे. माझ्या शौर्याचा किंवा क्रौर्याचा त्यात काही भाग नव्हता. पुण्यातल्या ज्या घरात मी वाढलो तिथं अंडंसुद्धा गॅलरीत, वेगळ्या स्टोव्हवर उकडलं जायचं. अशा घरातल्या माणसाकडून या दोन्ही गोष्टींची कुणी अपेक्षा करत नाही. पण त्याच घरात एक कुळाचारही होता. परीक्षा दिसली की ती द्यायची, आणि दिली की चांगल्या गुणांनी पास व्हायचं. कशासाठी, हा प्रश्न निकाल लागल्यावर.

दोन हजार पाचच्या आसपास आम्ही हॉलंडमधलं अ‍ॅमस्टेलव्हीन सोडून तिथल्याच मास्ट्रिख्टजवळच्या एका खेड्यात राहायला गेलो. बायकोला तिथल्या विद्यापीठात नोकरी लागली होती. मी रॉटरडॅमला बंदराच्या कामातल्या एका कंपनीत होतो. सोमवारी पहाटेच्या ट्रेननं जायचं आणि गुरुवारी रात्री परत यायचं. शुक्रवार मोकळा. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ एकटे राहायचे. त्यांची सफरचंदाची आणि चेरीची बाग होती, ती त्यांनी कसायला दुसऱ्याला दिली होती. त्यांची बायको आम्ही येण्याआधीच वारली होती. आम्ही घरात त्यांना आजोबा म्हणायचो, अर्थात त्यांच्या मागे. मला डच सुधारायचं होतं आणि त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं. दर शुक्रवारी त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी व्हायची. बिस्कीट एकच मिळायचं, मग डबा बंद.

वाचायला म्हणून मी त्यांच्या फळीवरचं एक पुस्तक उचललं. ते शिकारीच्या परवान्याच्या परीक्षेचं पाठ्यपुस्तक निघालं. बदकांच्या जाती, हरणांचे दात, कायद्याची कलमं, कोणत्या महिन्यात कोणता प्राणी काय खातो आणि कधी वितो. भाषा स्वच्छ, वाक्यं छोटी. डच शिकायला त्याहून चांगलं पुस्तक मला मिळालं नाही. काही महिन्यांत ते जवळजवळ पाठ झालं. आजोबा प्रश्न विचारायचे, मी उत्तरं द्यायचो. एकदा ते म्हणाले, एवढं येतंय तर परीक्षा देऊन टाक. मी दिली. उडत्या मातीच्या तबकड्याही फोडल्या, कागदी हरणाच्या खांद्यामागे भोकंही पाडली. पोलिसांनी रीतसर चौकशी करून परवाना दिला. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मित्रांचे फोन आले. एकानं विचारलं, "काय शेठ, वाघ कधी?" दुसऱ्याला माझ्या घरी आता जेवायला यावं की नाही, ही शंका होती.

बायको कोल्हापूरची. ती म्हणाली, "तुला मटण आणायला खाटकाकडे पाठवलं तर तू दुकानाबाहेर उभा राहून पैसे आत देतोस. आता बंदूक चालवणार?"

मी म्हटलं, चालवायची थोडीच आहे, नुसता परवाना आहे. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

आजोबांच्या मनात मात्र दुसरं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं. ते मला दिसलं नव्हतं इतकंच. गावात शिकाऱ्यांचं एक मंडळ होतं. कुणी कुठल्या शेतात, कुठल्या रानपट्ट्यात शिकार करायची, ते मंडळ ठरवायचं. आजोबांकडे त्यांच्या जुन्या बागेचा आणि तिच्यामागच्या ओढ्याकाठच्या झाडीचा पट्टा होता, वडिलांपासून चालत आलेला. इथली हरणं लहान, आपल्या भेकराएवढी. थंडीत ती कलमांच्या साली सोलतात आणि संध्याकाळी मोटारींखाली येतात. म्हणून दर हिवाळ्यात त्या पट्ट्यातून दोन माद्या कमी करायच्या, असं सरकारी परवानगीत असायचं. मार्चच्या मध्यापर्यंत त्या मारल्या नाहीत तर पट्टा दुसऱ्याकडे. शरदात आजोबांचा उजवा खांदा उघडून शिवला होता. मागच्या वर्षीही त्यांच्याकडून एकच झाली होती. एक दंतवैद्य पट्ट्यावर डोळा ठेवून होता. तो रांगेत पहिला होता, हे आजोबा मला दर शुक्रवारी सांगायचे. या वर्षीच्या दोन माद्या मी माराव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त नोटरी होते. हिरवा लोकरी कोट, हॅटमध्ये रानडुकराच्या केसांचा झुबका, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याला दोन साक्षीदार लागावेत. नोव्हेंबरात शिकाऱ्यांच्या संताच्या नावानं चर्चमध्ये प्रार्थना होते. तिथं पितळी शिंगं फुंकतात आणि कुत्र्यांसाठी पाव मंतरून देतात. प्रवचनाच्या वेळी कुत्री भुंकली की सगळे प्रेमानं हसतात. तिथं अध्यक्षांनी माझं स्वागत केलं. शाल आणि नारळ तेवढा नव्हता. बाकी आपल्या कुठल्याही मंडळाच्या सत्कार समारंभात मी चुकून आलोय असंच वाटत होतं.

तिथंच मला काडतुसांची जातिव्यवस्था कळली. बेल्जियमच्या डोंगरात रानडुकरांवर जाणारे ते मॅग्नमवाले, म्हणजे जास्त दारू ठासलेल्या काडतुसांचे. त्यांच्या रायफली खांद्याला अशी लाथ मारतात की दिवसभर हात वर होत नाही, आणि हा हात वर न होणंच ते मिरवतात. आजोबाही आयुष्यभर मॅग्नमवाले. खांद्याचा निकाल त्यातच लागला असं डॉक्टर म्हणाले होते. आजोबा म्हणायचे शिडीवरून पडलो म्हणून. त्यांच्या बायकोची रायफल मात्र वेगळी होती, आणि तीच त्यांनी मला दिली. सात बाय सत्तावन्न. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं जर्मन काडतूस, लांबट, सडपातळ, धक्का इतका कमी की चहाचा कप शेजारी ठेवून झाडावी. अध्यक्षांनी ती रायफल माझ्या परवान्यावर चढलेली पाहून सौजन्यानं म्हटलं की, हो, बायकांना ती फार आवडते. हे काडतूस मुळात सैन्यासाठी केलेलं. आपल्या उमेदीत त्यानं दोन-तीन खंडांत माणसं मारली. ते आता बायकी म्हणून ओळखलं जात होतं, आणि कागदी हरणं मारणाऱ्या माझ्यासारख्याला शोभेल असं होतं.

मला ती रायफल आवडली, हे नाकारत नाही. बाकीच्यांच्या बंदुका उडाल्या की वर बसवलेली दुर्बीण आभाळाकडे जाते. गोळी लागली की नाही हे त्यांना दुसऱ्या क्षणी, खाली बघून कळतं. ही जागची हलत नाही. गोळी लागताना तुम्ही बघत असता. आजोबांनी तो तिचा गुण म्हणून सांगितला, आणि मी मान हलवली. नव्या माणसाला हे फार उपयोगी, असं पुस्तकातही होतं.

जानेवारी संपताना पहिली मादी आली. आजोबांना शिडी चढणं शक्य नव्हतं, ते बागेच्या फाटकाशी गाडीत बसले होते. मी मचाणावर एकटा. सकाळ फटफटली होती, गवतावर दव गोठलेलं. ती ओढ्याकडून आली, थांबली, काही हुंगलं. मी पुस्तकाप्रमाणे सगळं तपासलं. बरोबर पाडस नाही. मागे कुणी नाही. आडवी उभी आहे. मागं मातीचा उतार आहे, गोळी पलीकडे जाणार नाही. एखाद्या पेपरात सगळे प्रश्न येत असावेत तसं वाटत होतं. चाप ओढला. रायफलीनं खांद्याला हात लावल्यासारखं केलं, आणि दुर्बिणीत मला सगळं दिसलं. खांद्यामागचे केस कसे उडाले, तिनं मान वळवून कुशीकडे कसं पाहिलं, जणू कुणी हाक मारली, आणि मग पुढचे पाय कसे गेले. फार वेळ लागला नाही. उत्तम गोळी होती. आजोबा फाटकातून चालत आले आणि त्यांनी डाव्या हातानं माझा हात हलवला. मग ओकची एक डहाळी मोडून तिच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास, असं ते म्हणतात. मला आपल्याकडचं तुळशीचं पान आठवलं, पण तेव्हा मी अजून ठीक होतो.

पोट साफ करायचं काम मला करावं लागलं, कारण त्यांचा हात चालत नव्हता. ते सांगत गेले, मी कापत गेलो. गर्भाशय बाहेर आलं तेव्हा ते दुसरीकडे बघत राहिले. आत दोन होती. बोटाएवढी, पण खूर सुटे दिसत होते.

यात कुणाची चूक नव्हती. या हरणांचा गर्भ उन्हाळ्यात राहतो, काही महिने नुसता थांबून असतो आणि नवं वर्ष लागलं की वाढायला लागतो. म्हणजे त्या मोसमात मारलेली जवळपास प्रत्येक मादी गाभण असते. हे मला ठाऊक होतं. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि उत्तर बरोबर होतं. मला त्याचा आनंदही झाला होता, कारण शेजारच्या बाकावरच्या शेतकऱ्यानं तो चुकवला होता.

घरी येऊन मी बराच वेळ हात धूत होतो. बायको दारात येऊन उभी राहिली. काय झालं ते मी सांगितलं. ती म्हणाली, "आणि बकरी? तिचं कधी विचारलंस?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग आता एकदम का?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आजोबांनी पाठवलेलं मांस तिनं कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून केलं. मी एक वाटी खाल्ली. चांगलं झालं होतं, त्यानं आणखी वाईट वाटलं.

दुसरी मादी राहिली होती. फेब्रुवारीत मी दोन शुक्रवार सर्दी सांगितली आणि एक शुक्रवार ऑफिस. मार्च लागल्यावर आजोबांनी कॉफी ओतता ओतता सरळ विचारलं. इथले लोक सरळ विचारतात, आणि आपल्याला सरळ उत्तर द्यायची सवय नसते. मी बदकांपासून सुरुवात केली, हवामानावर आलो, शेवटी म्हणालो की मला दुसरी जमणार नाही.

"जमणार नाही की करायची नाही?"

"करायची नाही."

त्यांनी बिस्किटांचा डबा बंद केला, पुन्हा उघडला, मला दुसरं बिस्कीट दिलं. पट्ट्याचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. ते मलाही माहीत होतं. मग म्हणाले, ठीक आहे, मीच बसतो. बायकोची रायफल आहे, खांद्याला काही होत नाही. तू फक्त मला वर चढव.

याला मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. किती हलकं वाटलं ते आठवतं. आमच्या सगळ्या घराण्याची यात फार जुनी सोय आहे. खाटीक कापेल, आचारी शिजवेल, आपण बाहेर उभं राहून पैसे आत द्यायचे. चाप दुसऱ्याचा असला की आपलं पान स्वच्छ. मी त्या रात्री छान झोपलो.

सकाळी त्यांना मचाणावर चढवणं हे काम दोघांनाही लाजवणारं होतं. ते एका हातानं शिडी धरायचे, मी खालून ढकलायचो. वर पोहोचल्यावर आम्ही दोघं अरुंद फळीवर शाळेतल्यासारखे खेटून बसलो. रायफल कठड्यावर टेकवली. ते खांदा पुन्हा पुन्हा दस्त्याला लावून बघत होते आणि पुन्हा पुन्हा काढून घेत होते. "दुखतंय?" मी विचारलं. नाही म्हणाले, अजून दुखलं नाहीये.

मादी आली ती अगदी सोप्या जागी. मी माझ्या दुर्बिणीतून बघून सांगितलं की एकटी आहे, आडवी आहे. त्यांनी गाल दस्त्यावर ठेवला. मी त्यांच्या इतका जवळ होतो की मला दिसलं. बोट वळायच्या आधी त्यांचे डोळे मिटले, आणि खांदा मागे गेला. ती रायफल लाथ मारत नाही हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. ती त्यांनीच विकत आणलेली. पण खांद्याला माहीत नव्हतं. खांद्यानं तीस-चाळीस वर्षं मॅग्नम खाल्ली होती, आणि आता टाके घेऊन बसला होता.

गोळी मागे लागली, पोटात. मादी पाठ वाकवून जागीच उडाली आणि झुडपांत गेली.

अशा वेळी मागे धावायचं नसतं. धावलात तर ती आणखी दूर जाते. वाट बघायची आणि माग काढणाऱ्या कुत्र्याला बोलवायचं. आम्ही खाली उतरलो, आजोबांनी फोन केला, आणि आम्ही गाडीत बसलो. काच धुरकटली होती. मी मनात म्हटलं, मी असतो तर ती आत्तापर्यंत संपली असती. हे खरं होतं म्हणून फार वाईट होतं. मी जिला दया म्हणत होतो तिचा भार ती मादी पोटात घेऊन त्या झुडपात बसली होती.

कुत्रेवाला शेजारच्या गावचा, गप्प माणूस. त्याचा कुत्रा लांब दोरीला बांधलेला, नाक जमिनीला लावून चालला होता आणि आम्ही मागे. ओढा ओलांडून, कुंपणाखालून, काटेरी जाळीपर्यंत जायला पुष्कळ वेळ गेला. तिथं ती बसली होती. मान वर होती. आमच्याकडे बघत होती आणि उठत नव्हती. कुत्रेवाल्याच्या दोन्ही हातांत दोरी होती. तो आजोबांकडे बघून म्हणाला, लवकर. आजोबांनी रायफल खांद्यावरून काढली. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

मी घेतली. चार पावलं पुढे गेलो आणि मारलं. त्या रायफलीनं नेहमीप्रमाणे मला सगळं नीट दाखवलं.

दुपारी मंडळाच्या गोठ्यात तिला मारलेल्या इतर जनावरांबरोबर पाल्यावर ओळीत मांडलं. अध्यक्ष आले. रीत अशी की शिकार ज्याची त्याला हॅटवर डहाळी ठेवून द्यायची आणि अभिनंदन करायचं. त्यांनी विचारलं, कुणाची? आजोबा म्हणाले, याची. मी म्हणालो, यांची, पहिली गोळी यांची. नियम मला माहीत होता, पहिली गोळी ज्याची त्याचीच शिकार. आजोबा म्हणाले, मारली यानं. मी पुन्हा नियम सांगितला, पुस्तकातल्या शब्दांत. अध्यक्ष हॅट हातात घेऊन आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. शिकारीवर हक्क सांगणारी भांडणं त्यांनी आयुष्यभर सोडवली असतील, पण नको म्हणणारी नाहीत. शिंगवाला गाल फुगवून थांबला होता. शेवटी त्यांनी ती डहाळी कुत्र्याच्या गळपट्ट्यात खोचली. कुत्र्यालाही तसा हक्क असतो म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं.

त्या दिवशीही मी नियमात बरोबर होतो.

आजोबांना घरी सोडलं. एका हातानं बूट निघत नव्हते म्हणून मी आत गेलो. त्यांनी दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून आधी फोन उचलला. मी समोर जमिनीवर बसून बूट ओढत होतो. पलीकडे अध्यक्ष होते. आजोबांनी पट्टा सोडत असल्याचं सांगितलं. दोन्ही झाल्या, हिशोब पूर्ण आहे, पण पुढच्या वर्षापासून द्या कुणालाही, दंतवैद्याला द्या. खांदा, हो. मग पलीकडून माझ्याबद्दल विचारलं असावं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही, त्याला शक्य नाही," ते म्हणाले. "त्याचं काम रॉटरडॅमला. आठवडाभर बाहेर असतो बिचारा. वेळच मिळत नाही त्याला."

दुसरा बूट पायाला घट्ट बसला होता. मी टाच धरून तो ओढत राहिलो.